गुरुजींच्या पिच्चरची मालकी

मी मुंबईला एका लायब्ररीत नोकरीला आहे, असं माझी आई पूर्णेत सगळ्यांना सांगायची. त्यामुळे सुटीत घरी आलो की रेल्वे क्वार्टरमधली मंडळी आपापल्या पोरांसाठी पुस्तकं मागायची. ही लायब्ररी पुस्तकांची नाही, सिनेमांची आहे, असं मी समजावून सांगत असे. मग लोक म्हणत, "मग एखादा सिनेमाच आण की." तोही आणता येत नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की हा नक्की काम काय करतो?

या अंकाच्या संपादकांनी सिनेमाच्या लाइनीतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमती आहेत, त्या आधी सांगतो. पण लिहायला बसलो तो गमतीसाठी नाही.

आधी धंदा समजून घ्या. मोठ्या स्टुडिओची लायब्ररी म्हणजे त्याच्या मालकीच्या सिनेमांची आणि टीव्ही मालिकांची यादी. रिळं कुठं तरी गोदामात असतात, निगेटिव्ह लॅबमध्ये असते, पण खरी लायब्ररी कागदांच्या फायलीत असते. सिनेमा काढला कुणी, त्यानं तो कुणाला दिला, तो मेल्यावर वारस कोण, त्यांनी कुणाला लिहून दिलं, अशी ही साखळी. जमिनीच्या फेरफारासारखीच. मधली एक कडी नसली की फाइल अपुरी. अपुऱ्या फायलीचा सिनेमा कुठलंही चॅनल घेत नाही, कारण उद्या कुणी तरी उठून म्हणायचं, हा माझा आहे. माझं काम ही सुटलेली कडी शोधायचं. एसटीनं, पॅसेंजरनं गावोगाव जायचं, वारसाच्या ओसरीवर बसायचं, चहा प्यायचा आणि सही घेऊन यायचं. मराठवाडा माझ्याकडे होता, कारण मला इथली बोली येते. साहेब म्हणायचे, "आपला उत्तम गेला की माणसं दार उघडतात." याचा मला फार अभिमान होता.

मानवतला एका जुन्या वितरकाच्या घरी गेलो होतो. वितरक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या सुनेनं मला जेवायला वाढलं आणि पापड काढायला फळीवरून डबा उतरवला. बघतो तर रिळाचा पत्र्याचा डबा. वर सिनेमाचं नाव अजून वाचता येत होतं, आणि तो सिनेमा आमच्या यादीत "उपलब्ध नाही" म्हणून नोंदवलेला. मी विचारलं, आतलं काय केलं? त्या म्हणाल्या, ते माळ्यावर हाय, टाकवलं न्हाई, मामंजींचा जीव व्हता त्यात. माळ्यावर एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेली सगळीच्या सगळी रिळं निघाली. तो सिनेमा पुढे टीव्हीवर लागला तेव्हा मी त्यांना फोन करून सांगितलं. असे दिवस नोकरीत थोडे, पण होते.

दुसरे एक गृहस्थ चारठाण्याचे. तिथल्या जुन्या देवळांपाशी कधी काळी एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि त्यात यांच्या वडिलांचा बैल दिसतो. मी वेगळ्याच कामाला गेलो होतो, पण गावात बातमी पसरली की सिनेमाच्या मालकीचा माणूस आलाय. हे गृहस्थ येऊन समोर बसले. म्हणाले, हिरोच्या आधी माझा बैल येतो, माझी पण सही घ्या. मी सांगितलं की सिनेमा कंपनीचा आहे. त्यावर त्यांनी फार शांतपणे विचारलं, "मग बैल कुणाचा?" मी हसलो. कायद्यानं माझ्याकडे उत्तर होतं. ते देऊन मी उठलो आणि ही गोष्ट पुढे वीस वर्षं मुंबईच्या ऑफिसात हशा पिकवायला सांगत राहिलो.

आता गुरुजींबद्दल.

गुरुजी चुडाव्याचे. रोज पॅसेंजरनं पूर्णेला यायचे आणि आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायचे. त्यांनी आयुष्यात एक सिनेमा काढला. वाट्याचं एक वावर विकलं, मुंबईहून कॅमेरावाला आणला आणि गावची माणसं, आमच्या शाळेतले दोन मास्तर आणि एक तमासगीर यांना घेऊन खेड्यातल्या शाळेची गोष्ट पडद्यावर आणली. चित्रपटाचं नाव लिहीत नाही, कारण करारानुसार नावही कंपनीचं आहे. आम्ही त्याला गुरुजींचा पिच्चरच म्हणायचो. तो परभणीला आणि पूर्णेला थोडे दिवस चालला, मग जत्रांमधून तंबूत फिरला आणि संपला. गुरुजी परत खडू घेऊन वर्गात उभे राहिले. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केलेली मला आठवत नाही.

त्यांनी मुंबईच्या एका वितरकाला काही वर्षांपुरते हक्क दिले होते. त्या वितरकाचा सगळा बाडबिस्तरा आमच्या स्टुडिओनं विकत घेतला, त्यात गुरुजींच्या पिच्चरचा तो जुना कागदही आला. पण मूळ मालकी गुरुजींकडेच होती आणि गुरुजी वारले होते. मालक उरल्या एकट्या त्यांच्या पत्नी, कौसल्याकाकू. फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा मी उडालोच. शाळेत असताना काकूंच्या हातची भाकरी मी किती तरी वेळा खाल्ली होती.

तेव्हा आमचा स्टुडिओ विकायला निघाला होता. विकत घेणारे लायब्ररीत किती सिनेमे आहेत ते बघत होते, कुठले आहेत ते नाही. एकेक फाइल पुरी झाली की आकडा एकानं वाढायचा. मला ठरलेल्या मुदतीत जितक्या होतील तितक्या फायली पुऱ्या करायच्या होत्या, आणि गुरुजींची फाइल मला सगळ्यात सोपी वाटली.

काकूंच्या घरात कोपऱ्यातल्या ट्रंकेत प्रिंट होती, सात डबे. दर वर्षी गुरुजींच्या पुण्यतिथीला त्या गावच्या शाळेत पिच्चर दाखवायच्या. पूर्वी एक तंबूवाला मशीन घेऊन यायचा. तो थकल्यावर एका लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं पडद्यावरून उतरवून घेतलेली सीडी लावायचे. चित्र हलायचं, आवाज फाटायचा, पण गाव बसायचं. का बसायचं ते मी सहीसाठी गेलो त्या दिवशी काकूंनी मला सांगितलं. पिच्चरमध्ये त्यांची मुलगी नंदा आहे. सहा वर्षांची. वर्गात उभी राहून पाढा म्हणते, मध्येच चुकते, कॅमेऱ्याकडे बघून हसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. गुरुजींनी ती चूक तशीच ठेवली. पुढच्या वर्षी ती मेंदूज्वरानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"तिचा आवाज बी त्यातच हाय," काकू म्हणाल्या. "मला आता दिसत न्हाई नीट, पण ऐकू येतंय."

मी करार पुढे ठेवला. इंग्रजीत होता. काकूंनी तो मराठीत सांगायला लावला. मी सांगितलं, पण सगळा नाही. संपूर्ण विश्वात, कायमचे, आज माहीत असलेल्या आणि पुढे शोध लागतील अशा सर्व माध्यमांतले हक्क, हे मी "टीव्हीवर दाखवायचे हक्क" एवढ्यात उरकलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. पुण्यतिथीला शाळेत दाखवायला काही अडचण येणार नाही ना? मी म्हणालो, काकू, तुमचाच पिच्चर आहे, तुम्हाला कोण अडवणार?

"मग तेवढं कागदावर लिव्ह."

असं लिहिता येतं. बाजूला हातानं एक ओळ लिहायची, दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या, झालं. परभणीच्या एका वकिलाच्या फायलीत मीच तशी ओळ लिहिली होती, कारण तो वकील होता. पण ओळ घातलेली फाइल पुन्हा कायदा विभागाकडे जाते, महिना दोन महिने तिथं पडते आणि मुदतीत मोजली जात नाही. मी काकूंना म्हणालो, छापील कागदावर हातानं लिहिलेलं चालत नाही. माझा शब्द आहे ना.

काकूंनी सही केली. गुरुजींनीच त्यांना सही शिकवली होती. एकेक अक्षर थांबून, वर बघून, नीट जुळवत त्यांनी नाव लिहिलं. सात डबेही मी पावतीवर सही करून नेले. कॉम्प्युटरवर चांगली कॉपी करून प्रिंट परत आणून देतो, असं सांगितलं. स्टेशनपर्यंत डबे पोचवायला गावची चार माणसं आली. गाडीत डबे चढवताना मला वाटलं होतं, आपण गुरुजींचं नाव मोठं करतोय. हे मी अगदी खरं सांगतो. माणूस स्वतःला फसवताना असंच काहीतरी वाटून घेतो.

कॉपी झाली नाही. तेवढ्या खर्चाचा हा सिनेमा नाही असं ठरलं. स्टुडिओ विकला गेला, पाटी बदलली, साहेब बदलले. काकू अधूनमधून शाळेच्या फोनवरून विचारायच्या, मी म्हणायचो, काम चालू आहे. काही वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. मी ते माझ्या पथ्यावर पडलं असं समजलो.

मग इंटरनेट आलं. चुडाव्याच्या शाळेचे हेडमास्तर, माधवसर, हौशी माणूस. त्यांनी त्या जुन्या सीडीवरून गुरुजींचा पिच्चर इंटरनेटवर चढवला. पुणे, मुंबई, कुठं कुठं गेलेली गावची मंडळी तो बघू लागली. ऊसतोडीला गेलेली माणसं पाचटाच्या कोपीत बसून मोबाइलवर बघायची, त्यात आपला बाप, आपली आजी ओळखायची. नव्या मालकांकडे असे व्हिडिओ शोधणारी यंत्रणा होती. तिनं यादीतलं नाव बरोबर पकडलं. कायदा विभागानं शाळेला नोटीस काढली आणि माझा जिल्हा बघून मलाच पाठवलं. प्रेमानं मिटवून ये, म्हणाले.

शाळेच्या एका वर्गात बैठक झाली. माधवसर घाबरून गेले होते, सरकारी नोकरीचा माणूस. सरपंच होते, वीस-पंचवीस गावकरी होते. मी कागद दाखवले, कायदा सांगितला. आवाज चढवला नाही, त्याची गरजच नव्हती. सरपंच म्हणाले, साहेब, पण दर वर्षी दाखवायलोय की आमी. मी म्हणालो, परवानगीशिवाय तेही करता येणार नाही.

काकूंना कुणीतरी हाताला धरून आणलं होतं. त्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उत्तमनं मला शब्द दिला व्हता. पुण्यतिथीला दाखवा म्हणला व्हता. इचारा त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्यासोबत कायदा विभागाची एक तरुण मुलगी आली होती, तीही बघत होती. करारात नसलेलं वचन मी कंपनीच्या वतीनं दिलं होतं असं तिच्यासमोर कबूल केलं असतं तर माझी चौकशी लागली असती. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती.

मी म्हणालो, "काकू, असं काही ठरल्याचं मला आठवत नाही."

काकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मंग माझंच चुकलं असंल. वय झालं."

सरपंचांनी मान डोलावली. हो, म्हातारीचं आता ध्यानात राहत न्हाई. माधवसरांनी माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला, लेखी हमी दिली आणि न मागता ती सीडीही माझ्या हातात ठेवली. मी ती नियमाप्रमाणे मुंबईला जमा केली; असा माल तिथं मोडून टाकतात. परतीच्या गाडीत ती मुलगी म्हणाली, सर, तुम्ही फार छान हाताळलंत.

निवृत्त होऊन मी पूर्णेला परत आलो. पूर्णेहून नांदेडला जाताना मध्ये चुडावा लागतं. नांदेडला दवाखान्याचं काम असायचं, वरचेवर जावं लागायचं. मी गाडीत अशा बाजूला बसायचो की फलाट समोर येऊ नये. दोन वर्षं असं केलं. एकदा डब्यात चुडाव्याचा माणूस भेटला. बोलता बोलता म्हणाला, गुरुजींची म्हातारी आता पार थकली, पुण्यतिथीला नुसतं भजन करतात, आणि लोक तिला चिडवतात, की काकू, कंपनीनं दिलेला शब्द कुठं ठिवलाव? त्यानं हे हसत सांगितलं. माझी ओळख त्याला नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी चुडाव्याला उतरलो.

काकू ओसरीवर सुपात तूर घेऊन चाचपून खडे काढत होत्या. डोळे जवळजवळ गेलेले. मी नाव सांगितलं. त्यांनी ये म्हटलं आणि बसायला पोतं सरकवलं. मी म्हणालो, "काकू, त्या दिवशी शाळेत मी खोटं बोललो. मी शब्द दिला होता. मला चांगलं आठवत होतं."

त्यांचा सुपातला हात थांबला.

"मला वाटलं तू इसरला असशील," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी तेच धरून बसले. लोकं कायबी म्हणायचे, मी म्हणायचे, लेकरू कामाच्या रगाड्यात इसरलं असंल. इसरला असतास तर बरं झालं असतं रे उत्तमा."

त्या पुन्हा खडे शोधायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आन रिळं?"

"कंपनीनं गहाळ केली," मी म्हणालो.

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकायपुढं मला खोटी पाडलंस. लोकायपुढंच सांग."

पुण्यतिथीला मी शाळेत गेलो. माधवसर बदलून गेले होते, नवे हेडमास्तर होते, पण बैठकीतले बरेच लोक हजर होते. भजन झाल्यावर मी उभा राहिलो. करारावर ओळ लिहिली नाही ते सांगितलं, शब्द दिला ते सांगितलं, इथंच, याच वर्गात नाकारला तेही सांगितलं. काकू आल्या नव्हत्या. मला ऐकायची गरज न्हाई, म्हणाल्या होत्या, ज्यायला सांगायचं त्यायला सांग.

माझं झाल्यावर माजी सरपंचांनी विचारलं, "पर साहेब, सात डबे गेले कुठं?"

मी तेच उत्तर दिलं. कंपनीनं गहाळ केले.

मग सगळी सभा कंपनीवर उलटली. मोठ्या लोकांना काय पडलंय, गरिबाची किंमत न्हाई, वगैरे. एक म्हातारे गृहस्थ उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुमी तरी आलाव, कोण येतंय आजकाल. मला चहा दिला. नारळ दिला. मी घेतला.

काकूंच्या घरावरून गेलो. त्यांनी विचारलं, "सांगितलंस का?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं," मी म्हणालो.

"मंग बस. च्या घेऊन जा."

मी बसलो आणि चहा प्यालो.

समदं सांगितलं नव्हतं. शाळेतल्या त्या बैठकीच्या बऱ्याच आधी, कंपनी विकली गेल्यावर गोदाम रिकामं करायचं ठरलं होतं. जुन्या प्रिंटा मोडीत काढायच्या, निगेटिव्ह तेवढ्या ठेवायच्या, कारण त्यांवरून नवी प्रिंट काढता येते. मराठी सिनेमांची यादी तपासायला माझ्याकडे दिली. प्रत्येक नावापुढे लिहायचं होतं, निगेटिव्ह आहे की नाही. आहे लिहिलं की प्रिंट भंगारात जायची. गुरुजींच्या पिच्चरची निगेटिव्ह लॅबमध्ये पाणी शिरून चिकटून गेली होती, तसं पत्र मी स्वतः फायलीला लावलं होतं. म्हणजे गावातली ती हलणारी सीडी सोडली तर जगात ती सात डब्यांची प्रिंट तेवढी उरली होती. फिल्म कुजायला लागली की येतो तसा शिरक्यासारखा वास यायला लागला होता, पण उरली होती. "नाही" लिहिलं असतं तर खुलासा द्यावा लागला असता, की मग मूळ मालकाला प्रिंट परत का दिली नाही, कॉपी का केली नाही, आणि पावतीवर कुणाची सही आहे. पावतीवर माझी सही होती. मी "आहे" लिहिलं. गडबडीत नाही, चुकून नाही. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो. मग पेन टेकवलं आणि पुढच्या नावाकडे गेलो. यादीच्या शेवटीही माझीच सही आहे.

पिच्चर आजही यादीत आहे. मध्यंतरी लायब्ररी पुन्हा विकली गेली असं ऐकलं, त्या यादीत गुरुजींचं नावही गेलं असणार. दाखवायला कुणाकडे काही नाही, आणि मालकी मात्र पक्की आहे. ती साखळी मीच पुरी केली.

गेल्या महिन्यात चुडाव्याच्या नव्या हेडमास्तरांचा फोन आला होता. काकू गावात सगळ्यांना सांगायल्यात, म्हणाले, की उत्तमनं काही लपवलं न्हाई, गुरुजींचा विद्यार्थी हाय शेवटी. ते ऐकल्यावर मी संपादकांना होकार कळवला.

हा अंक शाळेत येतो. हेडमास्तरांना मी सांगून ठेवलं आहे की हा लेख काकूंना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मध्ये थांबू नका.